'आमच्या गावात असलं काही नाही': किशोरवयीन गर्भधारणा रोखण्याचं काम गोव्यात सुरू करताना

गोव्यातल्या कुठल्याही पंचायतीत हा विषय घेऊन गेलात की पहिलं वाक्य हेच कानावर पडतं. सरपंच म्हणतात, मुख्याध्यापक म्हणतात, देवस्थान समितीतले काका तर ठासून म्हणतात. आकडे वरवर पाहिले तर त्यांचं चुकतंय असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. गोव्यात हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत आहे. अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, तर गोव्यात सहाच्या आसपास.

मात्र हा आकडा काय मोजत नाही तेही बघा. सर्वेक्षण १५ वर्षांपासून सुरू होतं, त्यामुळे चौदा वर्षांची मुलगी त्यात येतच नाही. जिचा गर्भपात झाला तीही येत नाही. पोट दिसायच्या आत जिला बेळगावच्या किंवा कारवारच्या मावशीकडे पाठवली, तिची नोंद कुठल्या घरात होणार? शिवाय गोवा एवढासा, त्यामुळे सरासरीत पर्वरीचा फ्लॅट आणि औद्योगिक वसाहतीलगतची भाड्याची खोली एकत्र मिसळून जातात.

दुसरं वाक्य ऐकू येतं ते असं: 'ते बाहेरून आलेल्यांच्यात होतं, आमच्यात नाही.' हे तर मी मुळीच मान्य करत नाही. कामगार वस्तीतलं प्रकरण पोलिसांपर्यंत लवकर जातं, कारण तिथे भिंती पातळ असतात आणि झाकायला पैसा नसतो. वाड्यावरच्या चौसोपी घरातलं प्रकरण घरातच मिटवलं जातं. फरक एवढाच.

तुम्ही शिक्षिका असाल, महिला मंडळात असाल, निवृत्त नर्स असाल किंवा नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले असाल आणि आपल्या गावात हे काम सुरू करावं असं वाटत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगते. तालुक्याहून डॉक्टर बोलावून, सभागृहात दोनशे मुलं बसवून, तासाभराचं भाषण ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. फोटो चांगले येतात, उपयोग शून्य. या कामाचं खरं उद्दिष्ट म्हणजे पाळी चुकल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलीला 'अमक्या ताईकडे जाता येईल' असं वाटणं. त्याहूनही आधी, काही घडण्यापूर्वी, मुलाला आणि मुलीला आपला प्रश्न विचारायला एक माणूस असणं.

पहिली पायरी: कायदा आधी वाचा

नवे लोक तक्ते, चित्रं, खेळ यांच्या मागे लागतात आणि कायदा 'नंतर बघू' म्हणून ठेवून देतात. इथे ते चालत नाही. पहिल्याच महिन्यात एखादी मुलगी येऊन काहीतरी सांगेल आणि तेव्हा तुम्हाला वाचायला वेळ नसेल.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक. मुलगी सतरा वर्षांची असो, दोघांचं प्रेम असो, तिची संमती असो. कायद्याच्या लेखी ती संमती धरली जात नाही. अशा संबंधाची माहिती ज्याला कळते त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावरही, पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवण्याचं बंधन आहे (कलम १९). कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयीची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत.

म्हणून मुलांना कधीही 'तू मला काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही' असं म्हणू नका. हे वाक्य अगदी सहज तोंडात येतं. त्याऐवजी पहिल्याच बैठकीत सांगा: 'तुमचे प्रश्न, तुमच्या शंका माझ्यापाशीच राहतील. पण कुणाला इजा होत असेल, कुणावर जबरदस्ती झाली असेल किंवा अठराच्या आतल्या कुणाचा शरीरसंबंध आला असेल, तर कायद्याने मला ते सांगावं लागतं. ते मी तुम्हाला न सांगता करणार नाही, आणि तुमच्यासोबत राहीन.' हे ऐकून काही मुलं गप्प होतील. ते ठीक आहे. खोट्या वचनावर बोलती झालेली मुलं नंतर जी गप्प होतात ती कायमची.

दुसरा कायदा गर्भपाताचा, १९७१ चा आणि २०२१ मध्ये सुधारलेला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि काही ठरावीक गटांनाच ती मुभा आहे. अल्पवयीन मुली आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया त्या गटांत येतात. त्यापुढे प्रकरण सहसा कोर्टात जातं. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते.

या दोन कायद्यांच्या कात्रीत मुली अडकत. इस्पितळात गेलं की पोलीस, म्हणून घरचे इस्पितळातच जात नसत. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर मार्ग काढला: अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. कळवणं टळत नाही, नाव टळतं. हे पालकांना सोडाच, पुष्कळ डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. निकालाची प्रत छापून फाइलमध्ये ठेवा, कधीतरी दवाखान्याच्या टेबलावर ठेवावी लागेल.

गोव्याचा स्वतःचा बाल कायदाही आहे, २००३ सालचा, पोक्सोच्याही आधीचा. त्याखालीच राज्यात मुलांसाठी वेगळं न्यायालय आलं. तोही एकदा चाळून ठेवा.

दुसरी पायरी: गावात कोण कोण आहे

शेजारच्या महाराष्ट्रातली पुस्तिका किंवा व्हिडिओ हाती आला तर त्यात पानोपानी 'आशाताईंना भेटा' असं सापडेल. गोव्यात आशा योजना राबवलेली नाही, त्यामुळे आशाताईंना शोधत बसू नका. इथे घरोघरी ओळख असते ती उपकेंद्राच्या नर्सबाईंची आणि अंगणवाडी ताईंची. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाची मुलगी शाळेत येईनाशी झाली, हे अंगणवाडी ताईंना पंचायतीच्या आधी कळतं. त्यांच्याकडे आधी जा, सरपंचांकडे नंतर. ही शिष्टाचाराची क्रमवारी नव्हे, कामाची आहे.

सरपंचांकडे मात्र जायचंच. पंचायतीत ग्राम बाल समिती असायला हवी. ती आहे का, शेवटची कधी बसली, विचारा. कागदावरच असेल तर तुमचा उपक्रम हे तिला जागं करण्याचं निमित्त. पंचायतीचं पत्र हाती असलं की शाळेचं दार सोपं होतं.

शाळेत मुख्याध्यापकांसोबत समुपदेशकांनाही भेटा. गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत अनेक शाळांना समुपदेशक मिळालेले आहेत. एकेकाकडे बऱ्याच शाळा असतात, त्यामुळे ते दमलेले असतात, पण मुलं कशाने अस्वस्थ आहेत याची त्यांना चांगली जाण असते.

मग प्राथमिक आरोग्य केंद्र. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी आरोग्य केंद्रात वेगळी सल्लासेवा असावी ही त्यातली तरतूद. तुमच्या केंद्रात ती कुठल्या वारी, किती वाजता आणि कुठल्या खोलीत असते हे प्रत्यक्ष जाऊन बघा. खोलीचा दरवाजा बाह्यरुग्णांच्या रांगेसमोरच उघडत असेल तर कुठलीही मुलगी तिथे जाणार नाही. रांगेत शेजारीण बसलेली असते. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी गोड बोलून मागच्या दाराची सोय करून घ्या. एवढीशी गोष्ट, पण सगळं तिथेच अडतं.

देऊळ आणि चर्च, दोन्हींना वगळू नका. महाजनांना किंवा पाद्रींना परवानगी मागायची नाही, माहिती द्यायची आहे. बाहेरून उलटसुलट ऐकण्यापेक्षा तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं.

कार्यक्रमाच्या नावाबद्दल लोक उगाच वाद घालतात. 'किशोरवयीन आरोग्य आणि सुरक्षा' एवढं पुरे. 'गर्भधारणा प्रतिबंध' असा फलक लावलात तर त्या दारातून आत जाणारी प्रत्येक मुलगी संशयात येईल.

तिसरी पायरी: मुलांआधी पालक

किमान दोन बैठका पालकांच्या घ्या, आणि आयांची वेगळी घ्या. स्वयंसहाय्य गटाची महिन्याची बैठक संपल्यावर अर्धा तास मागितला तर मिळतो. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस, शिगमो, गावची जत्रा आणि दहावी-बारावीच्या परीक्षा सोडून द्या. पौषात धालो (बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव) असतात तिथे बायका रात्र रात्र मांडावर येतात, फुगड्या घालतात, एकमेकींची थट्टामस्करी करतात. मांडावर जाऊन व्याख्यान देऊ नका, ते पवित्र ठिकाण आहे. मात्र तिथे गाण्याला पुढे असणाऱ्या बायका कोण हे टिपून ठेवा. चारचौघींत बोलायला न लाजणाऱ्या त्याच.

आयांची भीती एकच: 'सांगितलं की करून बघतील.' तिची टिंगल करू नका. सरळ उत्तर द्या. युनेस्कोने जगभरातले अभ्यास तपासून २०१८ साली मार्गदर्शिका काढली. त्यात स्पष्ट म्हटलंय की पद्धतशीर लैंगिक शिक्षणाने संबंध लवकर सुरू होत नाहीत, उलट ते लांबतात आणि धोका घटतो. पण आईला युनेस्कोपेक्षा हे जास्त पटतं: 'तुम्ही सांगितलं नाही म्हणून त्याला कळायचं राहिलेलं नाही. त्याच्या खिशात फोन आहे. प्रश्न एवढाच, की फोनने सांगितलेलं खरं की खोटं हे कोण सांगणार?' मग बैठकीत शांतता पसरते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच विचारते, 'मग आम्ही नेमकं बोलायचं काय?' तुमचं काम तिथून सुरू होतं.

हा विषय पाश्चात्त्य आहे असं कुणी वडीलधाऱ्याने म्हटलं तर त्यांना आठवण द्या की र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र १९२१ साली काढलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली.

बापांची बैठक भरत नाही. बोलावलं तरी येत नाहीत, आले तर फोनवर असतात. फुटबॉलच्या मैदानावर, तरुण मंडळाच्या बाकावर किंवा ताडी-काजूच्या हंगामात बागेत, जिथे ते असतात तिथे त्यांच्या ओळखीच्या पुरुष कार्यकर्त्याला पाठवा. एकच गोष्ट सांगायची: मुलीने घरी काही सांगितलं तर पहिल्या दिवशी हात उगारायचा नाही.

चौथी पायरी: गट कसे करायचे

पंधरा ते वीस मुलं, त्याहून जास्त नकोत. दहा ते तेरा, चौदा ते सोळा आणि सतरा ते एकोणीस असे वयाचे गट. सुरुवातीच्या बैठका मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या. नंतर एक-दोन एकत्र, कारण बोलायचं शेवटी एकमेकांशीच आहे.

भाषेचा बाऊ नको. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा इथली मुलं घरी कोकणी बोलतात आणि मराठी सहज वाचतात. तोंडी बोलणं त्यांच्या बोलीत, कागद मराठीत. वस्तीत कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील तर त्यांच्यातलीच एखादी मोठी मुलगी सोबत घ्या. तिला दुभाषी म्हणून मागे बसवू नका, गट तिलाच चालवू द्या.

वेळ ठरवताना शेवटची बस बघा. सत्तरीच्या आतल्या गावात कदंबची शेवटची बस चुकली तर मुलगी कुणाच्या तरी दुचाकीवर घरी जाते. आपल्या सुरक्षेच्या कार्यक्रमाने मुलीला असुरक्षित करायचं, यापरता विनोद नाही.

सोबत्यांकडून शिक्षण ही गोष्ट गोव्यात करून पाहिलेली आहे. १९९६ पासून इथे काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेने 'युवा मित्र' प्रकल्पात गावात आणि शहरात तरुणांतूनच प्रशिक्षित सोबती तयार केले, शिक्षकांना तयार केलं, वाचायला साहित्य दिलं. त्याचं मूल्यमापनही प्रसिद्ध झालं. तुम्हाला एवढा डोलारा नको. पण चार-पाच सोबती हवेतच. ते निवडताना वर्गातली पहिली आलेली मुलगी घेऊ नका. मधल्या सुटीत जिच्याभोवती घोळका असतो ती घ्या.

पाचवी पायरी: शिकवायचं काय

लहान गटाला शरीरातले बदल, पाळी, रात्री वीर्य जाणं, चांगला-वाईट स्पर्श, फोनवर अनोळखी माणसाने फोटो मागितला तर काय करायचं. अवयवांची नावं पुस्तकातली वापरा, पण मुलांनी गावातला शब्द उच्चारला तर डोळे वटारू नका. हसणं पाच मिनिटं चालतं, मग थांबतं.

चौदाच्या पुढे पेटी ठेवा. बुटाचा रिकामा खोका, वर चीर, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहून टाकायचंच. प्रश्न नसेल त्याने 'प्रश्न नाही' लिहायचं. म्हणजे कोण लिहितंय ते कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा, उत्तरं पुढच्या बैठकीत द्या. जागच्या जागी वाचायला गेलात तर एखादी चिठ्ठी अशी निघेल की चेहरा सांभाळता येणार नाही.

पेटीतून साधारण जे निघतं त्याची उत्तरं पाठ असू द्या. पहिल्याच वेळी गर्भ राहू शकतो का? हो. पाळी सुरू झाली नसेल तर? क्वचित, पण राहू शकतो, कारण पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडलेलं असू शकतं. 'सुरक्षित दिवस' मोजले तर? या वयात पाळी अनियमित असते, आणि शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तो हिशोब जुळत नाही. वेळेवर बाजूला झालं तर? भरवसा नाही. आपत्कालीन गोळी? संबंधानंतर जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. ती राहिलेला गर्भ पाडत नाही, नेहमी वापरायची नाही, आणि गुप्तरोगांपासून वाचवत नाही. कंडोम? नीट वापरला तर दोन्हींपासून वाचवतो. त्याच्या पाकिटावरची मुदत बघायला शिकवा. दुचाकीच्या डिकीत मे महिनाभर तापलेला उपयोगाचा नाही.

शरीराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची असते. लहान वयातली गर्भधारणा धोक्याची का, हे नुसतं 'धोक्याची' म्हणून पोहोचत नाही. किशोरवयीन मातांना रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या बायकांपेक्षा जास्त असतो, आणि मूल कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यताही जास्त. त्यात अंगात रक्त कमी असेल तर बघायलाच नको.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो 'नाही' म्हणण्याला. इथे भाषण कामाचं नाही, प्रसंग करून दाखवावे लागतात. 'माझ्यावर प्रेम असेल तर फोटो पाठव.' 'सगळेच करतात.' 'मी तुझ्या फीचे पैसे भरले, आणि तू एवढंही करणार नाहीस?' हा तिसरा प्रसंग जरूर घ्या. त्यात मुलगा वर्गातला नसतो. पंचविशी-तिशीचा ओळखीचा माणूस असतो: घरमालकाचा भाचा, दुकानवाला, हंगामात काम मिळवून देणारा. मुलींना परक्यांची भीती घालून आपण मोकळे होतो आणि ओळखीच्यांबद्दल एक अवाक्षर काढत नाही.

सहावी पायरी: मुलगे

अनेक उपक्रम मुलींचेच असतात. मुलगे बाहेर क्रिकेट खेळतात. यामागे असा समज असतो की सांभाळायचं मुलीने. मला हे अर्धंही काम वाटत नाही.

मुलग्यांच्या बैठकीत भीती घालायची नाही, पण कायदा लपवायचाही नाही. अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेले तर पोक्सोच्या कलम ५ नुसार तो गुन्हा 'तीव्र' ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा २० वर्षं आहे. मुलगा स्वतः अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. मात्र सोळा पूर्ण केलेल्या मुलाला गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून चालवायचं का, हे मंडळ तपासू शकतं. 'आम्ही लग्न करणार होतो' हा बचाव नाही. आणि लग्न होणार तरी कसं? गोव्यात नोंदणी कार्यालयात 'सह्या' झाल्याशिवाय लग्न कायद्याचं नाही, सह्यांना जन्मदाखला लागतो, आणि वय मुलीचं १८, मुलाचं २१.

वीस वर्षांचा आकडा ऐकून मुलगे हादरतात. तेवढ्यावर बैठक संपवू नका. मग बोला की कुणी आवडणं हा गुन्हा नाही, थांबता येतं, आणि ती 'नको' म्हणाली की ते 'नको'च असतं. मैदानावर जाणारा, मुलं ज्याला दादा म्हणतात असा माणूस हे बोलेल तर ऐकलं जातं. माझ्यासारखी बाई बोलली तर माना डोलावतात, एवढंच.

सातवी पायरी: एखादी मुलगी येते तेव्हा

ती सरळ सांगणार नाही. 'माझ्या मैत्रिणीची पाळी चुकली' म्हणेल, किंवा पोट दुखतं म्हणेल. मैत्रीण कोण ते विचारू नका. मैत्रिणीला काय करायचं ते सांगा.

पाळी कधी आली होती, एवढं आधी विचारा. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पाळी चुकून एक आठवडा झाला तर पाच आठवडे धरायचे. मुलींना हा हिशोब माहीत नसतो, आणि पाळी मुळात अनियमित असल्याने दोन महिने तर लक्षातही येत नाही. कधी थोडं रक्त दिसतं आणि तिला वाटतं पाळी आली. लघवीच्या तपासणीचं किट औषधाच्या दुकानात मिळतं. गावातल्या दुकानातून ती घेणार नाही, तुम्ही तालुक्याहून आणून ठेवा.

दिवस गेले असतील तर दुकानातल्या गोळ्या, काढे, पपई, 'ओळखीचा डॉक्टर' यांतलं काहीही करू देऊ नका. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घेतल्या तर रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो. सरकारी इस्पितळ: म्हापसा, मडगाव, फोंडा, किंवा थेट बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ). तपासणीसाठी आधी एफआयआर आणा असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. पोक्सोच्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी असा कागद मागता येत नाही, आणि अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीवर उपचार मोफत व्हायला हवेत, खासगी इस्पितळातही.

आईला कोण सांगणार हे मुलीला ठरवू द्या. बहुतेकदा ती म्हणते, 'ताई, तुम्ही सांगा, मी बाजूला बसते.' तसंच करा. मात्र घरातल्याच माणसाने केलं असेल तर घरी जाऊ नका. १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करा, बाल कल्याण समितीपर्यंत पोहोचा. उत्तर आणि दक्षिण गोव्यात समिती आहे. राहण्याची सोय लागली तर तीच समिती ठरवते.

पोलिसांकडे जाताना काही गोष्टी तिला आधी सांगून ठेवा. जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात नसावी असं कलम २४ म्हणतं. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, गाव, फोटो कुणीही छापू किंवा पसरवू शकत नाही. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणी टाकलं तर तोही गुन्हा, आणि हे ग्रुपच्या अ‍ॅडमिनला स्पष्ट सांगा.

मूल ठेवायचं की नाही याबद्दल तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा. मग तुम्ही कितीही वर्षं देवळात किंवा मिसेला जात असा. पर्याय आणि आठवड्यांची मर्यादा सांगा, डॉक्टरांपुढे बसवा.

आणि शाळा. पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना भेटा. दाखला काढून घ्या असा सल्ला आडून आडून दिला जातो. तो मान्य करू नका. वर्गात परत बसणं तिला जड जात असेल तर मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते, पण तो निर्णय तिचा असायला हवा, शाळेच्या अब्रूचा नव्हे.

आठवी पायरी: वही

किती मुलं आली याची नोंद पंचायतीला आवडते, ती ठेवा. तुमच्यासाठी दुसरी वही ठेवा: पेटीतून कुठले प्रश्न आले, गेल्या वेळेपेक्षा वेगळे होते का, आरोग्य केंद्राच्या किशोरवयीन खोलीत या महिन्यात किती जण गेले (आकडा नर्सबाई देतात, नावं देत नाहीत, तुम्ही मागूही नका), शाळा कुणी मध्येच सोडली का. पाळी चुकल्यावर मुली किती आठवड्यांनी पोहोचतात हे लिहीत जा. तो काळ कमी होत गेला तर काम चाललंय असं समजा. या वहीत नाव, घर, वाडा, वर्ग काहीही नको. कुणाच्या हाती पडली तरी ओळख पटता कामा नये.

बैठका पहिलं वर्ष पंधरवड्याला ठेवा, पावसाळ्यात आठवड्याला जमलं तर उत्तम, कारण तेव्हा मुलं घरी अडकलेली असतात. सोबती दहावीनंतर तालुक्याच्या उच्च माध्यमिकला जातात आणि गट एकदम रिकामा होतो. म्हणून नववीतले दोन जण आधीच तयार ठेवा, आणि गेलेल्यांना चवथीच्या सुटीत एकदा गटावर बोलवा. नव्या मुलांना काय सांगायचं राहिलं हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.